शिक्क्यांवरच्या या तारखा कशा लावायच्या?

शिक्कामोर्तब: चार सुट्या टपाल तिकिटांवरच्या तारखा लागत नाहीयेत. हंगेरी: ९१५ जुलै २३. जपान: १२.३.५. इटली: १४.८.३७ आणि पुढे रोमन पंधरा. सयाम (आताचं थायलंड): सालाच्या जागी २४६६. शिक्के स्वच्छ उमटलेत, भिंगाखाली आकडे नीट दिसतात. अल्बममध्ये कोणती सालं लिहू?

दातेरी: हंगेरीचं सोपं आहे. तिथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. जुन्या शिक्क्यांत वर्षाचा पहिला एक गाळायचे. म्हणजे २३ जुलै १९१५.

इटलीचा रोमन आकडा फॅसिस्ट राजवटीचं वर्ष दाखवतो. ते ऑक्टोबरअखेर बदलायचं, पहिलं १९२२ मध्ये सुरू झालं. पंधरावं ऑक्टोबर ३६ ते ऑक्टोबर ३७, म्हणजे ऑगस्ट ३७ बरोबर बसतो. इतर काही देशांत मात्र महिनाच रोमन आकड्यात असतो, तिथे घोटाळा होतो. बाराच्या वर गेला की तो महिना नव्हे, एवढं नक्की.

जुनी_पाकिटं: जपानचा शिक्काही वर्ष-महिना-दिवस असाच वाचा, पण वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचं. तैशो ही कारकीर्द धरली तर १२ मध्ये १९११ मिळवा: ५ मार्च १९२३. त्यानंतरची शोवा धरली तर १९२५ मिळवा: ५ मार्च १९३७. नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. तिकीट कधी निघालं ते कॅटलॉगात बघा. १९२३ नंतरचं असेल तर प्रश्नच मिटला. शोवाचं पहिलं वर्ष जेमतेम आठवडाभराचं, २५ ते ३१ डिसेंबर १९२६, तेव्हा वर्षाच्या जागी १ दिसला तर घाईने शोवा लिहू नका.

आणि एक, कागदाच्या तुकड्यावर असलेलं तिकीट भिजवून सोडवू नका. निम्मा शिक्का त्या कागदावरच असतो.

शिक्कामोर्तब: जपानी तिकीट १९३७ च्या आधीचं निघालं, पण १९२३ नंतरचं. म्हणजे शोवा. सयामच्या शिक्क्यात महिना फेब्रुवारी आहे.

दातेरी: मग १९२४ लिहा. २४६६ हे बुद्ध संवताचं साल. त्यातून एरवी ५४३ वजा करतात, पण तेव्हा तिथलं वर्ष १ एप्रिलला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी ते मार्चसाठी ५४२. १९४१ पासून वर्ष १ जानेवारीला आलं, तिथून पुढे सरसकट ५४३.