मदत हवी आहे: डी. एन. रोडच्या कमानींखालून आईला नेता येईल का?

येत्या रविवारी सकाळी आईला (वय ७२, गुडघेदुखी) सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत डी. एन. रोड, म्हणजे जुना हॉर्नबी रोड, पायी दाखवायचाय. सीएसएमटी (१८८८), समोरची महापालिका (१८९३), वाच्छा अग्यारी (पारशी अग्निमंदिर) आणि पेटिट लायब्ररी (१८९८) एवढं ठरलंय. अग्यारी बाहेरूनच बघू. पण खरी मजा इमारतींखालच्या त्या सलग कमानींची, तिथून चालायचंय. व्हिडिओ बरेच पाहिले, सगळे मान वर करून काढलेले! जमिनीवर पायऱ्या, उंचसखल कुठे, ते दिसतच नाही. टॅक्सीतून बघणं नको, ती ऐकणार नाही. रविवारी फेरीवाले कमी असतात का? कमानींखाली कोणत्या बाजूने पायऱ्या कमी लागतील, आणि मध्ये दहा मिनिटं टेकायला जागा कुठे मिळेल?