पर्यटनाचा पैसा सिंधुदुर्गातील गावांत मुरतो किती?

खाडीकाठ:
सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढे कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि २०२१ मध्ये चिपीचा विमानतळही सुरू झाला. मालवणजवळच्या तारकर्ली-देवबाग किनारी परिसरात ठिकठिकाणी निवास-न्याहारीच्या पाट्या लागल्या आहेत. तरीही आमच्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न त्या मानाने वाढलेले दिसत नाही. हा पैसा जातो कुठे आणि तो मोजायचा कसा, याविषयी जाणकारांनी लिहावे.

हिशेबनीस:
पंचायतीचे उत्पन्न आणि गावाचे उत्पन्न यांत आधी फरक करावा. खोलीभाड्यावरील जीएसटी केंद्र आणि राज्य यांच्याकडे जातो. पंचायतीच्या हाती मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी राहते, आणि मे महिन्यातील कचऱ्याचा व पाण्याचा भार मात्र तिलाच उचलावा लागतो. शिवाय सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाही. त्यामुळे तीन-चार खोल्या भाड्याने देणारी घरे त्या हिशेबात येतच नाहीत. किती पर्यटक आले यापेक्षा त्यांच्या शंभर रुपयांतले तालुक्यात किती उरले, हे पाहावे.

माडाखाली:
आमच्याकडे पाहुण्यांच्या ताटात येणारी सुरमई मालवणच्या लिलावातली, नारळ परसातला, सोलकढीचे आगळ (कोकमाचा घट्ट रस) शेजारच्या काकूंकडचे आणि भाकऱ्या वाडीतल्याच बायकांच्या हातच्या असतात. तेल, कोंबडी आणि भाजी घाटावरून येते, आणि पाहुणा ॲपवरून आला तर कमिशन परस्पर कापले जाते. बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टमध्ये मॅनेजर आणि आचारीही बाहेरचेच असले, की गावाच्या वाट्याला बहुधा झाडलोटच येते.

रापणकार:
मोसमाकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून लिहितो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा व स्कुबा डायव्हिंगही बंद राहते. पर्यटनाने मच्छीमाराला जोडधंदा दिला हे खरे, परंतु मूळ धंदा थांबतो तेव्हाच तोही थांबतो, आणि पर्यटकांसाठी घेतलेल्या होडीचा बँकेचा हप्ता बाराही महिने चालूच राहतो. त्यात सुट्ट्यांच्या दिवसांत चांगली मासळी हॉटेलवाले उचलतात आणि गावकऱ्याला बांगडाही महाग पडतो.

खाडीकाठ:
रापणकारांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. काही घरांच्या खरेदीच्या वह्या मे आणि जुलै अशा दोन्ही महिन्यांत पाहाव्यात, असे आता वाटते.

हिशेबनीस:
अवश्य पाहाव्यात, मात्र जमीन विकून आलेली रक्कम वार्षिक उत्पन्नात धरू नये. ती एकदाच येते, आणि त्या जागेवर पुढे उभ्या राहणाऱ्या धंद्याचा नफा विकणाऱ्याच्या घरी येत नाही. अशी घरे वहीत वेगळी ठेवावीत.