मदत हवी आहे : मिळालेले पद स्वीकारून राज्यसेवेची तयारी चालू ठेवावी का?

नमस्कार. माझे वय 34 असून गेली सात वर्षे मी पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत, राज्यसेवेची तयारी करीत आहे. यंदा राज्य कर निरीक्षक पदावर माझी निवड झाली. गावात फटाके वाजले, वडिलांनी घरोघरी पेढे वाटले, आणि मी मात्र रात्रभर जागा होतो, कारण मला उपजिल्हाधिकारी व्हायचे होते आणि अजूनही व्हायचे आहे.

खुल्या प्रवर्गाची 38 वर्षांची वयोमर्यादा पाहता माझ्याकडे मोजकेच प्रयत्न उरले आहेत. त्यातच 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे, इतकी वर्षे पर्यायांचे गोल रंगवलेल्या हाताला आता पानेच्या पाने लिहिण्याची सवय लावावी लागत आहे.

या हट्टाची झळ घरच्यांनीही सोसली आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नात मी जेमतेम अक्षता टाकण्यापुरता होतो. वडिलांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे, हे तर मला पेढे वाटतानाच्या छायाचित्रात प्रथम दिसले. (दर महिन्याला खोलीभाडे आणि मेसचे पैसे मात्र न चुकता येत होते.)

रुजू व्हायचे, हे जवळजवळ ठरले आहे. परंतु परिवीक्षा काळात (प्रोबेशनमध्ये) मुख्य परीक्षेसाठी रजा प्रत्यक्षात मिळते का, कार्यालय सांभाळून उत्तरलेखनाचा सराव कसा जमवावा, आणि ज्यांनी मध्येच थांबायचे ठरवले त्यांना आज काय वाटते, हे सेवेत असलेल्या सदस्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.