मदत हवी आहे: शिगम्याच्या पोस्टरवरचा केशरी छपाईत मळकट येतोय
फोंड्याच्या शिगम्यासाठी 18 बाय 24 इंची पोस्टर आहे, ऑफसेटवर. गुलालासारख्या लाल पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं होती. दोन्हींची उजळता जवळजवळ सारखी, म्हणून कडा थरथरत होत्या. ग्रेस्केल (फक्त काळ्या-करड्या छटांत) केलं तर अक्षरं गायबच! आता ती फिकट पिवळी केलीत. हिरवा तोरणापुरता उरला, ते चालेल.

खरी अडचण केशरीची. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी छपाईच्या चार शाईंच्या (सायन म्हणजे हिरवट निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा) आवाक्याबाहेरचा. सध्या मॅजेंटा 60 टक्के, पिवळा 100 टक्के आहे. थोडा सायन शिरला तरी मळतो. कागद चकाकी नसलेला, शाई शोषणारा.

स्पॉट शाई (आधीच मिसळून तयार केलेली वेगळी शाई) घ्यावी, की शेजारी गडद निळा (सायन 100, मॅजेंटा 70) ठेवला तर विरोधी रंगामुळे केशरी पुरेसा उठेल? अशा कागदावर कुणी छापलं असेल तर कृपया शाईची प्रमाणं सांगा.