रात्रीचा पुराचा इशारा कर्णबधिर, दृष्टिहीन आणि अंथरुणाला खिळलेल्यांपर्यंत कसा पोचवायचा?

नदीकाठ_शिरोळ:
पंचगंगेकाठचं गाव, ग्रामपंचायतीची आपत्ती समिती. सध्या कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची उंची ३९ फूट (इशारा पातळी) झाली की देवळाच्या कर्ण्यावरून पुकारा, ४३ फुटांना (धोका पातळी) भोंगा, आणि पत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर. गावात ४ कर्णबधिर, २ दृष्टिहीन, १ कर्णबधिर-अंध आणि ३ अंथरुणाला खिळलेले. त्यातल्या एकाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं, विजेवर चालणारं यंत्र). फोन बहुतेक अँड्रॉइड. पैसे फारसे नाहीत. सुरुवात कुठून करावी?

टॉवरवाला:
फोनपासून. सरकारी इशारा टॉवरवरून थेट सगळ्या फोनवर येतो (सेल ब्रॉडकास्ट), तो फोनमध्ये नीट चालू आहे का ते बघा. त्याला पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा आणि आणीबाणी', मग 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट'. (काही कंपन्या हे दुसरीकडे लपवतात. सेटिंग्जच्या शोधात 'इमर्जन्सी' टाका.) तिथे तीन गोष्टी बघा: अलर्ट आणि व्हायब्रेशन चालू, 'स्मरण' दर २ मिनिटांनी, आणि दृष्टिहीनांसाठी 'संदेश बोलून दाखवा' चालू.

शेवटच्यातच गडबड होते. फोनमध्ये मराठी आवाज उतरवलेला नसेल तर इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळून पुढे जातो. अलर्ट वाजतो, बोलत काहीच नाही. टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये (मजकूर वाचून दाखवणारी सेटिंग) मराठी आवाज आधीच डाउनलोड करून ठेवा.

कर्णबधिरांसाठी अँड्रॉइड १४ पासून सुलभता सेटिंग्जमध्ये 'फ्लॅश नोटिफिकेशन' आहे, कॅमेऱ्याचा दिवा आणि पडदा दोन्ही चमकतात. आयफोनलाही सुलभतेत एलईडी फ्लॅश आहे.

सेल ब्रॉडकास्टला नंबर लागत नाही, नेटवर्कच्या गर्दीतही तो पोचतो. पण टॉवरच बंद पडला तर काही नाही, आणि बऱ्याच साध्या कीपॅड फोनवर ही सोय बंदच असते.

स्क्रीनरीडर_मित्र:
पत्रकाचा फोटो पाठवणं आजच थांबवा. टॉकबॅकला (दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) तो नुसता 'फोटो' आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. मजकूर श्रीलिपीत (जुनी, युनिकोड नसलेली टायपिंग पद्धत) टाइप केलेला असेल तर तो जसाच्या तसा चिकटवू नका, कचरा दिसतो. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. फोटो पाठवायचाच असेल तर खाली तोच मजकूर लिहा.

एसएमएसही हवाच. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात, जोडसंदेशात प्रत्येक तुकड्यात ६७. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: 'पाण्याचा' डोळ्याला ३ अक्षरं, मोजणीत ८. म्हणून असं लिहा:

"पाणी वाढतंय. आज संध्याकाळी ६ आधी घर सोडा. शाळेत जा. गाडी ५ वाजता येईल."

बरोबर ७०. 'विसर्गात वाढ, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' यातून कोणी काय करायचं ते कळत नाही. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा खूणभाषा असते, त्यांना तर अशी सरकारी मराठी फारच जड. ३९ फूट, ४३ फूट आणि 'आत्ता निघा' असे तीन छोटे व्हिडिओ पावसाळ्याआधीच करून ठेवा, वीस-तीस सेकंदांचे, खाली मजकूर. खुणा कर्णबधिर व्यक्तीनेच कराव्यात. चार खुणा शिकलेल्या ऐकणाऱ्याने केल्या तर गोंधळ वाढतो.

आशा_गट:
फोनचं सगळं खरं, पण रात्री दोनला? कापसाची गादी कंपन खाऊन टाकते. फोन उशी आणि अभ्रा यांच्यामध्ये ठेवावा, आणि तिथे चार्जिंगला लावू नये, तापतो. फिटनेस बँडवर सरकारी अलर्ट येईलच असं नाही. तपासल्याशिवाय भरवसा नको. तीन मिस्ड कॉल म्हणजे 'संदेश बघ' अशी खूण ठरवा आणि कॉल करणाऱ्याचा नंबर 'डू नॉट डिस्टर्ब'च्या अपवादात टाका.

प्रत्येक घरामागे दोन माणसं नेमा, एक शेजारी आणि एक जरा लांबचा. शेजारी स्वतःच अडकलेला असू शकतो. कर्णबधिर-अंध व्यक्तीच्या पाठीवर बोटाने मोठी फुली काढतात, अर्थ: आणीबाणी, माझ्याबरोबर चल. ही खूण आधी शिकवून सराव करून घ्या, नाहीतर ती व्यक्ती घाबरेल.

अंथरुणाला खिळलेल्यांना ३९ फुटांची वाट बघायला लावू नका. त्यांचा आकडा वेगळा, माझ्या मते ३७. पाणी शिरायच्या आधीच वीज तोडतात, आणि कॉन्सन्ट्रेटर तिथेच थांबतो. त्या घराला पाण्यापेक्षा वीज बंद होण्याची वेळ आधी कळली पाहिजे, आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात हवा.

नदीकाठ_शिरोळ:
भोंग्याच्या खांबावर लुकलुकणारा दिवा लावायचा विचार आहे. चालेल?

टॉवरवाला:
सेकंदाला १ किंवा २ वेळा चमकणारा लावा. ३ च्या वर गेलात तर अपस्माराच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. बाजारातले स्वस्त 'पोलीस लाइट' बहुतेक त्याहून वेगात असतात. आणि बंद खिडकीआड झोपलेल्याला तो दिसणार नाही, म्हणजे दोन माणसं लागतातच.

कलम_आठ:
यादी तुम्ही एकट्याने करत बसू नका. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६, कलम ८(३): जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोका त्यांना कळवायचा, असं स्पष्ट लिहिलंय. त्याचा हवाला देऊन लेखी अर्ज करा, नोंदीतली तुमच्या गावची नावं मागा आणि आशासेविकेच्या यादीशी ताडून बघा. दिव्यांग प्रमाणपत्र न काढलेले वृद्ध, ज्यांना आता कमी ऐकू येतं, ते सरकारी नोंदीत सापडत नाहीत. भोंगा न ऐकणाऱ्यांत संख्येने तेच जास्त असणार.