मदत हवी आहे: रिबाउंड हॅमरचा आकडा चांगला, पण काँक्रीट गुलाबी होत नाही

नमस्कार मंडळी. भुसावळला आमचं जुनं घर आहे. वर मजला चढवायचा म्हणून इंजिनिअरदादांनी तपासणी केली. रिबाउंड हॅमरचा (काँक्रीटवर आपटून, उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) आकडा छान आला. मात्र कॉलम थोडा फोडून फिनॉल्फथॅलिन (अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारं रसायन) मारलं, तर सळईपर्यंत रंगच आला नाही. म्हणजे कार्बोनेशन आत पोचलंय.

मला कळलं ते असं: हवेतला कार्बन डायऑक्साइड सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कॅल्साइट करतो. छिद्रं भरतात, पृष्ठभाग टणक होतो, म्हणून हॅमर ताकद जास्त दाखवतो. पण सामू १२.५ च्या वरून ९ च्या खाली येतो आणि सळईचं गंजापासूनचं संरक्षण जातं. राखमिश्रित सिमेंटमध्ये (आपल्याकडे दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख जवळच) हायड्रॉक्साइड मुळात कमी. मग चिकटून धरणाऱ्या सिलिकेट जेलमधलाच चुना ओढला जातो, छिद्रं वाढू शकतात. मला खरी काळजी याचीच वाटते.

हॅमरच्या आकड्यावर मजला चढवणं मला पटत नाही. कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून दाबचाचणी करावी का? सळई गंजत असण्याची शक्यता विद्युत विभवावरून तपासणारी हाफ-सेल चाचणी जळगाव-धुळ्याकडे कोण करतं? घरात आई-बाबा राहतात, तेव्हा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.