मदत हवी आहे: पेपर हातात आला की बहिणीचं सगळं पाठ विसरतं
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण नांदेडला बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, उन्हाळी परीक्षा तोंडावर आलीय. अभ्यास चांगलाय, पण प्रश्नपत्रिका हातात पडली की तळहात घामेजतात, पेन निसटतो, पाठ असलेली सूत्रंही आठवेनाशी होतात. रात्री दोनपर्यंत चहावर जागते. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग साधारण ५ तासांनीही अंगात असतो, वाचलेलं झोपेतच पक्कं होतं, हे किती वेळा सांगितलं! त्यात पारा ४० च्या पुढं, खोलीवर कूलर नाही, मेसचा डबाही अर्धाच खाते. जीव तुटतो बघा.

दुपारच्या पेपराआधी काय खाऊ घालावं? भाकरी-ताकानं सुस्ती येईल का? आणि हॉलमध्ये धडधड वाढली तर बसल्या जागी काय करावं? कुणाच्या लेकराला फरक पडला असेल तर नक्की सांगा.